मोठ्या माणसांची पंक्चरं

माझ्या दुकानात आपण होऊन आलेला एकही प्रसिद्ध माणूस मला आठवत नाही. जे आले ते सगळे नाइलाजानं आले. घामेजलेला ड्रायव्हर, मागच्या सीटवर काच अर्धी खाली करून बसलेलं त्रासिक तोंड, आणि पहिला प्रश्न ठरलेला, “किती वेळ लागेल?” ही माणसं गावोगाव जातात ती कुणीतरी हार घालायला बोलावलेलं असतं म्हणून. माझ्याकडं त्यांना बाभळीच्या काट्यानं धाडलेलं असायचं.

‘तुम्हाला भेटलेल्या नामवंतांबद्दल लिहा,’ असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “साहेब, मला माणसं कमी आणि त्यांची चाकंच जास्त भेटली.” ते म्हणाले, “मग चाकांबद्दल लिहा.” म्हणून हा उद्योग. तिघांबद्दल लिहितो. पहिले दोघे लेखणी सैल व्हावी म्हणून. तिसऱ्या भेटीबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही, आणि खरं तर तीच सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

तिसगावात नगरच्या रस्त्याला, लिंबाच्या सावलीत माझं पंक्चर काढायचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कंप्रेसर, पाण्याचा टब आणि पुढं टांगलेला टायर. तो टायर हाच बोर्ड. शेवगाव, पाथर्डीकडून नगरला जाणारी गाडी माझ्यापुढूनच जायची आणि पुढं तिला करंजीचा घाट लागायचा. त्यामुळं शहाणे ड्रायव्हर घाटाआधी माझ्याकडं हवा बघून घ्यायचे. बाकीचे घाटात पंक्चर होऊन चाक डोक्यावर घेऊन माझ्याकडं यायचे. दोघांचंही स्वागत होतं.

पंक्चर काढणं हे दिसतं तेवढं अडाणी काम नाही. ट्यूब फुगवून पाण्यात धरली की बुडबुडे येतात आणि भोक सापडतं, एवढं कुणालाही येतं. खरं काम काटा शोधायचं. टायरच्या आतून सगळीकडं हलक्या हातानं बोटं फिरवायची. काटा आतच राहिला तर पुढच्या कोसावर तेच चाक पुन्हा बसणार, आणि शिव्या मला बसणार. माझी दहाही बोटं या कामात फाटलेली आहेत. मग ट्यूब घासायची, सोल्युशन लावायचं आणि ते वाळेपर्यंत गप्प बसायचं. गिऱ्हाईक म्हणतं फुंकर मार, पंख्यानं वारा घाल. तसं करायचं नसतं. शेवटी हवा भरून ट्यूबच्या वॉलवर बोटानं थुंकी लावायची. फुगा धरला नाही तर काम पक्कं. मोठ्यातल्या मोठ्या माणसाच्या गाडीला मी थुंकी लावून पाठवलेलं आहे आणि कुणीही त्याचा राग धरला नाही.

चाक परत बसवायचीही एक रीत आहे, ती नीट सांगतो, कारण पुढं लागणार आहे. चाकावर जी चकचकीत गोल टोपी असते, ती काढली की आत नट दिसतात. नट सैल करायचे, गाडी जॅकवर उचलायची, चाक काढायचं. काढलेले नट त्याच टोपीत ठेवायचे म्हणजे मातीत हरवत नाहीत. चाक बसवताना गाडी जॅकवर असते, म्हणून नट नुसते हातानं फिरवून ठेवायचे. गाडी खाली आली, चाक जमिनीला टेकलं, की मग पाना लावून, त्यावर पाय देऊन एकेक नट कसायचा. सगळ्यात शेवटी टोपी बसवायची आणि तिच्यावर तळहाताची एक थाप मारायची. ती थाप म्हणजे आमची सही.

आता मंत्र्यांची गोष्ट. त्या काळात मंत्री असलेले एक गृहस्थ नगरकडं निघाले होते. पुढं जीप, मागं जीप, मध्ये पांढरी गाडी, आणि पांढऱ्या गाडीचं पुढचं चाक बसलेलं. स्टेपनीतही हवा नव्हती. सरकारी गाडीच्या स्टेपनीत हवा असल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. मी जॅक घेऊन गेलो आणि म्हणालो, “साहेबांना उतरायला सांगा.”

त्यांचे पीए ओठावर बोट ठेवून म्हणाले, “साहेबांचा डोळा लागलाय. उठवायचं नाही.”

“मंग साहेबांसकट उचलू का?”

पीएंनी विचार केला. बहुतेक त्यांच्या नोकरीत असा प्रश्न आधी आला नसावा. शेवटी म्हणाले, “उचला. पण हळू.”

माणूस आत असताना गाडी उचलायची नसते, हे मला माहीत होतं. पण पोलीस भोवती, पीए डोक्यावर. मी बाकीच्या तिन्ही चाकांना दगड लावले आणि जॅक फिरवत राहिलो. गाडी जशी एका अंगाला उचलली, तसे साहेब सीटवरून घसरत घसरत पलीकडच्या दाराला जाऊन टेकले. तोंड उघडं. घोरणं चालूच. पंक्चर काढलं, चाक बसवलं, गाडी खाली आणली, तेव्हा कुठं त्यांनी डोळा उघडला.

“आलं का नगर?”

“न्हाई साहेब, तिसगाव,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणाले आणि पुन्हा झोपले. पुढच्या निवडणुकीत ते पडले. चौकात चर्चा चालली होती की, लई वजनदार माणूस हुता, पडंल असं वाटलं न्हवतं. मी म्हणालो, “वजनाचं मला इचारा.”

दुसरे गृहस्थ रेडिओवर बातम्या देणारे. त्यांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज घराघरात. तो आवाज सुरू झाला की आमच्याकडं चूल पेटायची आणि संपला की माणसं शेताकडं निघायची. मी एका जीपखाली आडवा पडून ग्रीस भरत होतो. डोक्यापाशी कुणाचे तरी पॉलिशचे बूट येऊन थांबले आणि तोच आवाज म्हणाला, “पंक्चर काढायचं आहे.” मी जीपखालीच ताडकन उठून बसलो. भुवईवरची खूण अजून आहे. ते गृहस्थ बिचारे घाबरले, स्वतःचा रुमाल काढून माझ्या कपाळाला लावला. आवाज भारदस्त आणि माणूस म्हणावा तर काडीएवढा. शेवगावला शाळेच्या गॅदरिंगला चालले होते.

बघता बघता माणसं जमली. कुणाला सही नको, फोटो नको. सगळ्यांचं एकच, “एकदा बातम्या द्या की.” त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. टबाशेजारी उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आज दुपारी तिसगाव येथे एका वाहनाचे मागील चाक पंक्चर झाले. सुदैवाने जीवितहानी नाही. दुकानदार किरकोळ जखमी.” माणसं पोट धरून हसली. गर्दीतला एक म्हातारबा तेवढा हसला नाही. तो म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या. आमच्या पूर्वेकडच्या अंगाला पाऊस हाय म्हून तुमी कवा सांगनार?” गृहस्थ एकदम ओशाळले. म्हणाले, “आजोबा, मी नुसतं वाचतो हो. लिहून देणारा वेगळा असतो.” मला तो माणूस फार आवडला. एवढा मोठा आवाज असून आपलं काम किती, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

आता बाईंची गोष्ट.

बाईंचं नाव मी लिहीत नाही. आमच्या वस्तीत नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कळायचं. छप्पन साली माझ्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात आरत्यांच्या जागी गाणी आली, आणि पुढं कॅसेटा आल्यावर ती गाणी म्हणजे बाईंची गाणी झाली. जयंतीच्या महिन्यात त्या जिल्हाभर फिरायच्या, सकाळी एका गावाला, संध्याकाळी दुसऱ्या. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर तिनं लोकांच्या रानात खुरपलं. पण बाईंची कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. सगळ्यात आवडतं गाणं, मुलाला शाळेत घालणाऱ्या आईचं. खुरपताना, दळण निवडताना ते चालू असायचं. मी दहावीपर्यंत शिकलो तो मास्तरांमुळं की त्या गाण्यामुळं, सांगता येणार नाही.

एप्रिलातली दुपार होती. शेवगावकडून एक अॅम्बॅसिडर आली, टपावर ढोलकी आणि पेटी बांधलेली, मागचं डावं चाक पार बसलेलं. ड्रायव्हर उतरला, मागून ढोलकीवाला आणि पेटीवाला उतरले, आणि शेवटी पांढऱ्या साडीतल्या बाई उतरल्या. मी त्यांना कॅसेटच्या कव्हरवर इतकं पाहिलेलं की ओळख पटायला क्षणही लागला नाही. हातातली टायर उचकटायची पट्टी खाली पडली.

“कुठनं काटा घुसला कुनास ठावं,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी नगरच्या पल्याड कार्यक्रम हाय, दादा. हुईल ना येळंत?”

मी नुसती मान हलवली आणि रस्त्यानं वस्तीकडं निघालेल्या एका बाईला ओरडून सांगितलं, “आमच्या आईला धाडा. पळत ये म्हनावं.”

आई खरोखर पळत आली. कोपरापर्यंत पीठ. तोवर मी काटा काढला होता, ठिगळ लावलं होतं. बाईंना बघून आई पत्र्याच्या कडेलाच थबकली. बाईंनीच पुढं होऊन तिचे पिठाचे हात हातात घेतले आणि आपल्या शेजारी बाकड्यावर बसवलं.

“कुठलं गानं म्हन्ता तुमी, ताई?”

आईनं शाळेच्या गाण्याचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, “म्हना की मंग.” आई लाजली, पदर तोंडाला लावला, आणि मग हळूच सुरू झाली. बाईही तिच्याबरोबर गुणगुणू लागल्या. मी इकडं चाक बसवत होतो, कान तिकडं. तिसऱ्या कडव्याला बाई एकदम थांबल्या. आई पुढं गात होती, ‘पाटी फुटली फुटू दे, माझ्या बाळाचं अक्षर फुटू नये.’

“ही वळ माझ्या गान्यात न्हाई,” बाई म्हणाल्या. “कुठनं आनली तुमी?”

आई घाबरली. “चुकलं का बाई? आमच्या टेपनं तिथंच कॅसेट खाल्ली. तिथं नुसती खरखर ऐकू येती. गानं मधीच थांबाया लागलं, म्हून मी आपली भरून घातली.”

ढोलकीवाल्यानं पेटीवाल्याकडं पाहिलं. बाईंनी ती ओळ दोनदा पुटपुटून पाहिली. म्हणाल्या, “माझ्यापरीस तुमची चांगली हाय, ताई. मी म्हनू का ही? द्याल का मला?”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “घ्या की. पर मला लिवाया येत न्हाई.” आणि माझ्याकडं वळून, “बाळू, लिवून दे बाईंना.”

मी त्या वेळी गाडी जॅकवरून नुकतीच खाली घेतली होती. पाना उचलणार होतो. आईनं हाक मारली तसा पाना तिथंच राहू दिला, हात पुसले आणि ठिगळांच्या रिकाम्या खोक्याच्या मागच्या बाजूला, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात ती ओळ लिहिली. खोक्याला ग्रीसचा अंगठा लागला. बाईंनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. मंडळी गाडीत बसली, आई रस्त्यापर्यंत गेली, गाडी लिंबाच्या सावलीतून निघून दिसेनाशी झाली. आई पदरानं डोळे टिपत वस्तीकडं गेली. मी जॅक उचलायला वळलो, तर जॅकशेजारी चाकाची टोपी पडलेली.

टोपी खाली म्हणजे थाप नाही. थाप नाही म्हणजे नट कसलेले नाहीत. मागचं डावं चाक हातानं फिरवलेल्या पाच नटांवर घाटाकडं निघालं होतं.

गाडीत चार माणसं होती. त्यातली एक अशी की जिच्यावर अख्ख्या जिल्ह्याचा जीव. समोर हॉटेलात एसटीडीचा फोन होता, पण घाटापलीकडं कुणाला फोन करायचा आणि काय सांगायचं? तेवढ्यात रामनाथ दिसला. रामनाथ माझा शाळेपासूनचा मित्र, राजदूतवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून डेअरीला निघालेला. मी पाना आणि टोपी घेऊन त्याच्या मागं उडी मारली.

“घाटाकडं घे. आंबॅसिडरला गाठायचं. नट कसायचे ऱ्हायले.”

रामनाथ जास्त काही विचारणारा माणूस नाही. त्यानं कॅनसकट गाडी वळवली. झाकणं उडून दूध आमच्या पायांवर सांडत होतं. चार कोस गेल्यावर त्यानं मान मागं करून विचारलं, “गाठल्यावर काय सांगशील?”

“खरं त्येच.”

“येडा हायस का? लोकाला कळलं बाळ्यानं बाईंच्या गाडीचं चाक ढिलं सोडलं, तर दुकानापुढं कुत्रं थांबायचं न्हाई. अन् तुजी वस्ती तरी सोडंल का तुला? त्यापरीस टोपी ऱ्हायली हुती, द्यायला आलो म्हन. बसवताना गुपचूप कसून टाक.”

खरं सांगायचं तर, मला ते पटलं होतं.

करंजी मागं टाकली आणि पुढं अॅम्बॅसिडर दिसली. मी टोपी हवेत धरून ओरडायला लागलो. आणि इथं माझ्या नशिबानं एक गंमत केली. बाईंच्या गाडीमागं मोटारसायकली लागणं ही त्यांना रोजचीच गोष्ट. पेटीवाल्यानं खिडकीतून हसून हात हलवला. बाईंनीही हात हलवला. आणि ड्रायव्हरनं, उशीर होतोय म्हणून, गाडी पळवली. मला मागून ते चाक दिसत होतं. दारूड्यासारखं डुलत होतं. समोर घाटाचं पहिलं वळण आलं होतं.

रामनाथनं शेताच्या कडेनं, खडीवरून राजदूत पुढं काढली आणि गाडीच्या आडवी घातली. आम्ही दोघं आणि उरलेलं दूध रस्त्यावर पडलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. गाडी आमच्यापासून चार हातांवर थांबली.

बाईंनी डोकं बाहेर काढलं. माझ्या हातातली टोपी बघून त्यांना हसू आलं. “अगं बाई, टोपीसाठी यवढा पळालास व्हय रं?”

मी ठरवलेली थाप बाईंनी स्वतःच माझ्या हातात ठेवली होती. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “न्हाई बाई. नट कसायचे ऱ्हायले माझ्याकडनं. खाली उतरा.”

त्या उतरल्या. मी चाकापाशी बसलो. पाचपैकी दोन नट पडून गेले होते. उरलेले तीन आट्यांच्या टोकाला आलेले, करंगळीनं फिरत होते. ड्रायव्हर वाकून बघत होता. त्यानं माझी कॉलर धरली, मला उभं केलं आणि हात उगारला. “तुज्यावर इस्वास ठिवून मी बगितलं न्हाई, xxx.” शिवी इथं लिहीत नाही, पण ती माझ्या हक्काची होती. बाईंनी त्याचा हात धरला. पण त्याही रागावल्या होत्या, हे सांगायला हवं. त्या मैलाच्या दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि ढोलकी-पेटीवाल्यांकडं बोट करून म्हणाल्या, “माझं जाऊ दे. ह्या दोघांची लेकरं ल्हान हायेत. तुला कळतं का तू काय केलतंस?”

“कळतं, बाई.”

“कस आता. नीट कस.”

नट कमी पडले तर आमच्यात एक तोड असते. बाकीच्यांपैकी दोन चाकांचा एकेक नट काढून ढिल्या चाकाला लावायचा. चार नटांवर चाक आरामात जातं, तीनवर नाही. मी तसं केलं. पान्यावर उभा राहून एकेक नट कसला, मग चारही चाकं पुन्हा कसली. ड्रायव्हरच्या हातात पाना देऊन त्यालाही कसून बघायला लावलं. टोपी बसवली. थाप मारायला हात उचलेना, शेवटी कशीबशी मारली.

तोवर बाई शांत झाल्या होत्या. मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, “ध्यानातनं गेलं कसं? तुजा हात तर तयार दिसतो.”

मी खाली बघून म्हणालो, “पाना हातात घेणार तेवढ्यात आईनं हाक मारली. ती वळ लिवायला.”

बाईंनी हात पर्सवर ठेवला. मग म्हणाल्या, “आईला ह्यातलं काय सांगू नको. कधीच न्हाई. तिला वाटंल तिच्या वळीपायी झालं. पुन्ना गानं तोंडात घ्यायची न्हाई ती.”

मी मान हलवली.

“अन् तू खरं बोललास,” असं म्हणून त्या उठल्या. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, फुडं बसा, माझ्याशेजारी.” बाई म्हणाल्या, “का? कसलंय की त्यानं,” आणि मागं, डाव्या बाजूला, त्याच चाकावर जाऊन बसल्या.

गाडी घाट चढून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. रामनाथचं दूध सगळं मातीत गेलं होतं. त्यानं त्याबद्दल तेव्हा चकार शब्द काढला नाही आणि मरेपर्यंत काढला नाही. ती दुपारही कुणाजवळ बोलला नाही. प्रसिद्ध माणसांच्या यादीत त्याचं नाव बसत नाही, पण बसलं पाहिजे.

दुकानावर आलो तर आई परत येऊन थांबली होती. “कुठं गेल्तास दुकान उघडं टाकून?”

“टोपी ऱ्हायली हुती गाडीची. द्यायला गेल्तो.”

“दिली ना?”

“दिली.”

त्या दिवसापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला पाना हातात दिल्याशिवाय सोडलं नाही. साहेब असो की ट्रकवाला, स्वतःच्या हातानं एक तरी नट ताणून बघायचा, मगच टोपी बसणार. लोक चिडायचे. काही म्हणायचे, बाळूला शहाणपण आलंय. आलं होतंच.

पुढच्या वर्षी बाईंची नवी कॅसेट आली. त्यात शाळेचं गाणं पुन्हा नव्यानं गायलेलं होतं, आणि तिसऱ्या कडव्यात आईची ओळ होती. कव्हरवर आईचं नाव नव्हतं. आईला कव्हर वाचताही येत नव्हतं, त्यामुळं तिचं काही अडलं नाही. तिनं ती ओळ ऐकली, म्हणाली, “बाईंच्या तोंडात बरी वाटती,” आणि पुढचं दळण निवडायला घेतलं. पण जयंतीला विहारात ते गाणं लागलं की तिसऱ्या कडव्याला वस्तीतल्या सगळ्या बाया मागं वळून तिच्याकडं बघायच्या. ती पुढं वीस-बावीस वर्षं गात राहिली. मी आत काम करत ऐकायचो आणि बाईंचे आभार मानायचो. नुसता माझा मार वाचवला म्हणून नाही. आईचं गाणं वाचलं म्हणून.

बाई गेल्या, रामनाथ गेला, आणि दोन वर्षांपूर्वी आईही गेली. शेवटी नगरच्या दवाखान्यात होती. आलागेला, नर्स, शेजारच्या खाटेवरची बाई, जो भेटेल त्याला तिची एकच गोष्ट. बाई आमच्या दुकानात आल्या, माझे पिठाचे हात धरले, माझी वळ मागून नेली. आणि प्रत्येक वेळी शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणायची, “बाईंची गाडी ह्यानं अशी नीट करून धाडली, वाटंत कुठं थांबायला लागली न्हाई. व्हय ना रं बाळू?”

“व्हय आई,” मी म्हणायचो.